शिकविणाऱ्यांचें शिक्षण

मी शहापूर तालुक्यांतील भातसानगरचा रहिवासी. आपणांपैकीं बहुतेकांनीं हें गांव पाहिलें नसेल. परंतु जे मुंबईकर आहेत त्यांचा या गांवाशीं रोजचा संबंध आहे. भातसा नदीवरील धरण १९८३ सालीं पुरें झालें. त्याचें पाणी नदीच्याच पात्रानें पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जातें, पांजरापूर येथें शुद्ध होतें आणि पुढें मुंबईच्या घरोघरच्या नळांना येतें. पाण्याची वाट उताराची आहे, म्हणून तें लौकर पोंचतें. विद्येची वाट मात्र आमच्या बाजूला चढाची आहे. मुंबईंत रुजलेली एक विद्या पन्नास-पंचावन्न मैलांचा तो चढ चढून आमच्या पाड्यांपर्यंत येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि अजूनही ती पुरती पोंचली आहे असें म्हणवत नाहीं. त्या विद्येचा इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

ज्या मुलांना ऐकूं येत नाहीं, ज्यांना दिसत नाहीं, ज्यांचे हातपाय मनाप्रमाणें चालत नाहींत, अथवा ज्यांच्या बुद्धीची वाढ सावकाश होते, अशा मुलांना शिकविण्याची आणि त्यांच्या अंगीं जी शक्ति असेल ती कामास लावण्याची ही विद्या होय. अशा मुलांसाठीं शाळा कोणीं काढल्या हें सांगणारे पुष्कळ आहेत. मी सांगणार आहें तें निराळें: त्या मुलांना शिकविणाऱ्या व त्यांच्यावर उपचार करणाऱ्या माणसांना कोणीं, केव्हां आणि कसें शिकविलें? मी या विषयांतला पंडित नाहीं. मॅट्रिक झालों, अध्यापनाची पदविका घेतली आणि सुमारें छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. या विषयाकडे मी वळलों तो जिज्ञासेनें नव्हे, तर स्वतःच्या हातून घडलेल्या एका अपराधामुळें. तो आधीं सांगतों.

१९८२ सालची गोष्ट. धरणाचें काम चालू होतें आणि त्या कामावरील मजुरांचीं मुलें आसपासच्या शाळांत येत असत. मी त्या वेळीं चोवीस वर्षांचा होतों. माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. फळ्यावर लिहिलेलें गणित तो सर्वांच्या आधीं सोडवी. अक्षर मोत्यासारखें. परंतु श्रुतलेखनाचा तास आला कीं त्याची पाटी निम्मी कोरी राही, आणि उरलेल्या निम्म्यांत भलतेच शब्द असत. गणितांत हुशार आणि श्रुतलेखनांत ठोंब्या, हें मला कोडें वाटे. मीं त्याचा उलगडा माझ्या मतीप्रमाणें केला: मुलगा लबाड आहे, त्याला लिहिण्याचा कंटाळा आहे. त्याचा एक कान वाहत असे व त्यांत कापसाचा बोळा असे. तो बोळा मला रोज दिसत होता. तरीही मीं त्या मुलाला श्रुतलेखनासाठीं छडीनें मारलें, आणि तेंही एकदां नव्हे. पुढें धरणाचें काम संपत आलें, त्याचा बाप दुसऱ्या कामावर गेला आणि मुलगाही गेला.

मला त्या वयांत हें कां समजलें नाहीं? मी निर्दय नव्हतों. मला अध्यापनाचें रीतसर शिक्षणही मिळालें होतें. पाठ कसा घ्यावा, फळा कसा विभागावा, प्रश्न कसे विचारावे, हें सर्व मीं शिकलों होतों. परंतु समोर बसलेल्या मुलाला माझा शब्द पोंचतो कीं नाहीं हें कसें ओळखावें, तें मात्र मला कोणीं शिकविलें नव्हतें. आणि नवल असें कीं, त्या वेळीं मुंबईंत ही विद्या जाणणारीं माणसें होतीं. कांहीं संस्थांना तर शंभर वर्षें होत आलीं होतीं.

आतां मुंबईकडे वळूं. बहिऱ्या मुलांची या देशांतील पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईंत, बिशप लिओ मेउरिन यांच्या पुढाकारानें निघाली. अंध मुलांची शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं १९०० सालीं, छप्पनच्या दुष्काळानें निराधार केलेल्या मुलांना हाताशीं घेऊन सुरू केली. दादरची अंधशाळा म्हणून ती पुढें नांवारूपास आली. या दोन्ही कार्यांमागें धर्मबुद्धि होती, दया होती आणि चिकाटीही होती. परंतु शिकविणाऱ्यांना शिकविण्याची सोय या प्रांतांत नव्हती. शिक्षक येत ते विलायतेंत अगर अमेरिकेंत शिकून, अथवा जुन्या शिक्षकाच्या हाताखालीं राहून सुताराच्या पोरानें रंधा शिकावा तसे शिकत. गुरु गेला कीं विद्या अर्धी होई, आणि शाळेच्या भिंतीबाहेर तर ती येतच नसे. खेड्यांतल्या पंतोजीला अशी कांहीं विद्या आहे याची वार्ताही नव्हती. त्याच्या लेखीं बहिरा मुलगा मुका होता, मुका मुलगा वेडा होता, आणि वेड्याला शाळेंत काय काम?

येथें थोडा वेळ परदेशांत जाऊन येणें अवश्य आहे, कारण या विद्येचें मूळ तिकडे आहे आणि त्याची एक फांदी आमच्याच जिल्ह्यांत आली आहे. १८०० सालीं फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत एक मुलगा रानांत एकटाच वाढलेला सांपडला. त्याला बोलतां येत नव्हतें. पॅरिसच्या बधिरांच्या संस्थेंतील डॉक्टर इतार यांनीं त्याला शिकविण्यांत कित्येक वर्षें घालविलीं. मुलगा बोलूं लागला नाहीं. परंतु स्पर्श, दृष्टि व श्रवण यांना पायरीपायरीनें वळण लावतां येतें, हें इतार यांच्या नोंदींवरून जगाला कळलें. त्यांचा शिष्य सेगें यानें हीच पद्धति मंदबुद्धि मुलांसाठीं विकसित केली. पुढें रोममध्यें मारिया माँटेसरी नांवाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं या दोघांचे ग्रंथ अभ्यासले व तशाच मुलांना शिकविलें. ज्यांना जगानें टाकून दिलें होतें तीं मुलें लिहूंवाचूं लागलीं. तेव्हां बाईंच्या मनांत प्रश्न उभा राहिला कीं, या मुलांची इतकी प्रगति होते, तर धडधाकट मुलें शाळांत अडून कां बसतात? त्या प्रश्नांतून १९०७ सालचें त्यांचें बालगृह जन्मास आलें, आणि त्या बालगृहांतून आजची बालशिक्षणाची सारी चळवळ.

ही चळवळ गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं भावनगरास आपलीशी केली. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ सालीं ताराबाई ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डी येथें आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं त्यांचें काम उभें राहिलें. बोर्डी व कोसबाड हीं गांवें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेलीं, पण त्या काळीं तीं आमच्याच जिल्ह्यांतलीं. मूल अंगणांत येत नसेल तर अंगणवाडी त्याच्या पाड्यावर न्यावी, गुरें वळणारें मूल गुरांना सोडून येऊं शकत नसेल तर शाळाच कुरणावर भरवावी, हें तत्त्व या दोघींनीं कृतींत आणलें. आणि शिंपले, बिया, पानें, काड्या यांचीं साधनें करून तीं वापरणाऱ्या गांवच्या मुलींना बालसेविका म्हणून तयार केलें. जी रीत रानांत सांपडलेल्या एका मुक्या मुलासाठीं शोधिली गेली, तिनेंच दीडशें वर्षांनीं आमच्या वारल्यांच्या पोरांना अक्षरओळख करून दिली. अडलेल्या मुलासाठीं केलेली सोय अखेर सर्वांच्याच उपयोगीं पडते, हें मी या इतिहासांतून पहिल्यानें शिकलों.

मुंबईंत मात्र त्याच सुमारास एक निराळा प्रवाह वाहूं लागला होता, आणि त्याच्या उगमाशीं बहुधा आईबाप होते. १९४१ सालीं चिल्ड्रन्स एड सोसायटीनें मानखुर्द येथें मंदबुद्धि मुलांसाठीं गृह उघडलें, ही संस्थेची गोष्ट. परंतु १९४४ सालीं होरमसजी व जय वकील या दांपत्यानें आपल्या दिना नांवाच्या कन्येसाठीं शाळा सुरू केली, ती आज शिवडीस असून जय वकील यांच्या नांवानें ओळखली जाते. फातिमा इस्माईल यांच्या कन्येला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठीं मद्रासेपर्यंत धांवाधांव करून मुलगी चालूं लागली, तेव्हां इतरांच्या मुलांसाठीं त्यांनीं १९४७ सालीं मुंबईंत उपचारकेंद्र उघडलें. त्यांतूनच पुढें हाजीअलीजवळचें मुलांचें अस्थिरुग्णालय उभें राहिलें. आई झाली म्हणून शिक्षिका झाली, शिक्षिका झाली म्हणून संस्थापक झाली, असा हा क्रम आहे. या मातांना माझें वंदन असो. तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आईची माया एका मुलाला पुरते, फार तर शंभर मुलांना पुरेल. हजारों मुलांना पुरावयाची असेल तर मायेला विद्येची जोड द्यावी लागते, आणि विद्येला अभ्यासक्रम, परीक्षा व परंपरा लागते.

ती जोड देणारी व्यक्ति म्हणजे कमलाबाई निंबकर. या मूळच्या अमेरिकेतील क्वेकर पंथाच्या घराण्यांतल्या एलिझाबेथ लुंडी. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून त्या १९३० सालीं हिंदुस्थानांत आल्या, कमला झाल्या आणि कायमच्या इथल्याच झाल्या. मुंबईंत शाळा चालविल्यावर, पुढें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें त्यांनीं व्यवसायोपचाराचें, म्हणजे ज्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात त्याचें, शिक्षण घेतलें. परत येऊन १९५० सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं या विषयाची शाळा उघडली. आशिया खंडांतील अशी ती पहिली शाळा मानली जाते. १९५२ सालीं त्यांनीं या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभारली, आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या जागतिक संघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचें नांव लागलें. स्वातंत्र्य मिळून पांच वर्षें झालेल्या देशानें एका नव्या विद्येच्या पहिल्या पंगतीस बसावें, हें कांहीं थोडें नव्हे.

व्यवसायोपचार म्हणजे काय, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारतील. नांवावरून वाटतें कीं रोग्याला धंदा शिकवावयाचा. तसें नाहीं. माणसाच्या दिवसांत जीं जीं कामें असतात, त्यांना येथें व्यवसाय म्हटलें आहे. सदऱ्याचें बटण लावणें, घांस तोंडापर्यंत नेणें, पेन्सिल धरणें, बांकावर न कलंडतां बसणें, हे लहान मुलाचे व्यवसाय. साध्या पेन्सिलीचें उदाहरण घ्या. अक्षर वेडेंवांकडें येतें तेव्हां आम्ही मास्तर म्हणतों, बोटें नीट धर. व्यवसायोपचारक प्रथम पायांकडे पाहतो. पाय अधांतरीं लोंबत असतील तर धड स्थिर राहत नाहीं, धड स्थिर नसेल तर खांदा डळमळतो, आणि खांदा डळमळला कीं बोटें काय करणार? तो पायांखालीं पाट देतो, पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड करितो, वही उतरत्या फळीवर ठेवितो. उपाय पाहिला तर चार आण्यांचा; परंतु तो सुचण्यासाठीं शरीररचना, स्नायूंचे व्यापार, मनाचे व्यापार आणि हस्तव्यवसाय यांचा वर्षानुवर्षें अभ्यास करावा लागतो. कमलाबाईंनीं या देशांत जें आणलें तें हेंच: दयाळूपणाला शास्त्राची शिस्त.

कमलाबाईंनंतर इतर शाखाही फुटल्या. मुंबईस त्या काळांत पोलिओची सांथ वारंवार येई; त्या निमित्तानें के. ई. एम. रुग्णालयांतच भौतिकोपचाराचें, म्हणजे फिजिओथेरपीचें, शिक्षण सुरू झालें. १९६५ च्या सुमारास म्हैसूरची अखिल भारतीय वाचा व श्रवण संस्था स्थापन झाली, आणि मुंबईच्या नायर रुग्णालयांतही वाचोपचार व श्रवणशास्त्र यांचा अभ्यासक्रम निघाला. १९८३ सालीं, म्हणजे आमचें धरण पुरें झालें त्याच वर्षीं, वांद्रे येथें अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय श्रवण संस्था उभी राहिली. या दोन घटनांचें साल एक आहे हें मला फार उशिरां कळलें, आणि कळल्यावर तो कापसाचा बोळा पुन्हां डोळ्यांपुढें आला.

परंतु या सर्व विद्या रुग्णालयाच्या आवारांत राहणाऱ्या होत्या. मूल सोमवारीं रुग्णालयांत जाई व मंगळवारीं शाळेंत. उपचारक शाळा पाहत नसे आणि शिक्षक रुग्णालय. हा दुरावा मोडण्याचा मोठा प्रयत्न १९७२ सालीं मिठू अलूर यांनीं मुंबईंत केला. त्यांच्या मालिनी या कन्येला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, होता. त्यांनीं स्थापिलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटीच्या शाळेंत शिक्षक, भौतिकोपचारक, व्यवसायोपचारक व वाचोपचारक एकाच छपराखालीं, एकाच मुलाभोंवतीं बसले, आणि पुढें त्या संस्थेनें शिक्षकांसाठीं पदविकेचा अभ्यासक्रमही चालविला. उपचारकानें वर्ग पाहावा आणि शिक्षकानें उपचार समजून घ्यावा, हा विचार महाराष्ट्रांत तेथें दृढ झाला.

यानंतर सरकार व कायदा यांचा अध्याय येतो. अशा मुलांना शक्य तेथें साध्या शाळेंतच शिकवावें, असा अभिप्राय १९६४ ते १९६६ या काळांत कोठारी आयोगानें दिला होता. १९७४ सालीं केंद्र सरकारनें एकात्म शिक्षणाची योजना काढली. योजना निघाली, पण शिकविणारे कोठें होते? जो तो आपापला अभ्यासक्रम काढी. कोणाचा तीन महिन्यांचा, कोणाचा दोन वर्षांचा. म्हणून १९८६ सालीं भारतीय पुनर्वास परिषद निर्माण झाली. १९९२ सालीं तिला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला आणि १९९३ सालीं तिचा कारभार त्या कायद्याखालीं सुरू झाला. विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ, वाचोपचारक इत्यादि व्यवसायांचे अभ्यासक्रम तिनें ठरवावे, नोंदवही ठेवावी, आणि जो नोंदणीशिवाय असा व्यवसाय करील त्याला एक वर्षापर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अगर दोन्ही शिक्षा व्हाव्यात, असें कायद्यानें ठरविलें. व्यवसायोपचारक व भौतिकोपचारक यांची व्यवस्था निराळी राहिली. त्यांच्यासाठीं २०२१ सालचा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला.

मुलांच्या हक्कांचे कायदेही बरोबरीनें आले. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा, आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, ज्यांत अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं, साध्या शाळांतही प्राथमिक विभागांत अशा दहा मुलांमागें एक व त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागें एक विशेष शिक्षक असावा. कागद पाहिला तर आतां कांहीं उणें नाहीं.

आतां कागदावरून आमच्या रस्त्यावर यावें. डोळखांब, किन्हवली, टोकावडे या बाजूंचे पाडे डोंगराच्या कुशींत विखुरलेले आहेत. तालुक्याच्या गट साधन केंद्रांतून विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरतात. ते येतात त्या दिवशीं मुलाचा चेहरा उजळतो, हें मीं पाहिलें आहे. परंतु त्यांचा दिवस एक आणि शाळा अनेक. उपचाराचें काम रोपाला पाणी घालण्यासारखें आहे. रोज थोडें हवें, महिन्याला घागरभर उपयोगाचें नाहीं. त्यांत कातकऱ्यांचीं कुटुंबें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यांत बोटांना आलेलें वळण उन्हाळ्यापर्यंत मोडून जातें. अशा ठिकाणीं रोज भेटणारा जाणता माणूस एकच, आणि तो म्हणजे वर्गावरचा साधा शिक्षक.

येथें माझे व्यवसायबंधु रागावतील, आणि त्यांचा राग खोटा नाहीं. दोन शिक्षकांच्या शाळेंत चार-पांच इयत्ता, त्यांत खिचडीचा हिशेब, जनगणना, निवडणूक आणि नाना प्रकारच्या माहितीचे तक्ते. त्यांत आणखी उपचारक व्हा म्हणतां काय? शिवाय अर्धवट ज्ञानाचें भयही आहे. तीन दिवसांच्या वर्गाला जाऊन आलेला मास्तर जर मुलांच्या कपाळावर मंद, बधिर, चंचल अशा चिठ्ठ्या चिकटवूं लागला, तर न शिकलेला परवडला. हा आक्षेप मला मान्य आहे. निदान करणें हें आमचें काम नव्हे. त्यासाठीं ज्यांनीं वर्षें वेंचलीं आहेत त्यांचें तें काम. आमचें काम एवढेंच कीं, कांहींतरी अडतें आहे हें वेळीं ओळखावें, योग्य माणसाकडे मुलाला पोंचवावें, आणि तो सांगेल तें रोज करावें. या तीन गोष्टींसाठीं शिक्षकाला विशेष शिक्षणाची पदवी लागत नाहीं. परंतु कांहीं दिवसांचें चांगलें प्रशिक्षण लागतें, आणि तें अध्यापक-विद्यालयांतच, नोकरीच्या आधीं मिळालें पाहिजे. नोकरीला वीस वर्षें झाल्यावर नव्हे.

वीस वर्षें हा आंकडा मीं उगाच घेतला नाहीं. मला तें प्रशिक्षण सर्व शिक्षा अभियानाच्या काळांत, त्या मुलाच्या जाण्यानंतर वीसएक वर्षांनीं मिळालें. शिकविणाऱ्या बाई तरुण होत्या. त्यांनीं आम्हां मास्तरांना श्रुतलेखन घातलें. पहिले पांच शब्द आमच्याकडे तोंड करून सांगितले, ते सर्वांना आले. मग वही तोंडासमोर धरली, आवाज अगदीं उतरविला, आणि पुढचे पांच शब्द फळ्याकडे तोंड करून उच्चारले. आम्हीं जें लिहिलें तें पाहून आमचें आम्हांलाच हसूं आलें. कोठें निम्मा शब्द, कोठें भलताच शब्द, कोठें कोरी जागा. बाई म्हणाल्या, ज्याला कमी ऐकूं येतें तें मूल तुमच्या ओंठांवरून वाचीत असतें. तुम्ही फळ्याकडे वळलांत कीं त्याच्या दृष्टीनें तुम्ही बोलणें बंद केलेंत. वाहणारा कान वेळीं डॉक्टरला दाखविला तर पुष्कळदां बरा होतो, आणि तोंवर त्या मुलाला पुढच्या बांकावर बसवावें, हेंही त्यांनीं सांगितलें. मग माझ्याकडे पाहून त्या थोड्या संकोचल्या व म्हणाल्या, मिशाही जरा कातरलेल्या बऱ्या, ओंठ दिसत नाहींत.

सर्व हंसले, मीही हंसलों. परंतु माझ्या हातांतल्या कागदावर निम्म्या कोऱ्या पाटीचें चित्र उमटलें होतें. चोवीस वर्षांच्या त्या मास्तरला दाट मिशा होत्या, फळ्याकडे तोंड करून शब्द सांगण्याची संवय होती, आणि हातांत छडी होती. मुलगा लबाड नव्हता. जेवढें त्याला पोंचत होतें तेवढें तो मोत्यासारख्या अक्षरांत लिहीत होता.

श्रोते हो, कोणी म्हणेल कीं हा सारा इतिहास मोठ्या माणसांचा आणि मोठ्या शहराचा. त्यांत एका खेड्यांतल्या पोराची कथा कशाला? मला उलट वाटतें. १८८५ च्या सुमारास सुरू झालेली वाट, परळची ती १९५० ची शाळा, १९९२ चा कायदा आणि २०२१ चा निर्णय, या सर्वांची कसोटी एकच आहे: पाड्यावरच्या शाळेंत, मागच्या बांकावर, कानांत बोळा घालून बसलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग झाला? शाळा काढणें, कायदा करणें, रुग्णालय बांधणें हीं कामें पैशानें व पुण्याईनें होतात. शिकविणारा माणूस घडविणें हें त्याहून सावकाश होणारें काम आहे. आणि म्हणूनच तें नेहमीं मागें राहिलें.

आपल्या घरांतील मुलेंमुली आज व्यवसायोपचार, भौतिकोपचार, वाचोपचार शिकत असतील. त्यांच्यासाठीं परदेशाची वाट मोकळी आहे आणि तिकडे जाण्यास कोणाची हरकत असूं नये. परंतु जाण्यापूर्वीं त्यांनीं थोडे दिवस आसनगांवच्या स्थानकावर उतरून आमच्या बाजूला यावें, एखाद्या शाळेंतील शिक्षकाजवळ बसावें व त्याला चार गोष्टी दाखवाव्या, अशी माझी विनंति आहे. कमलाबाई निंबकर सातासमुद्रांपलीकडून आल्या होत्या. आमचें गांव तितकें दूर नाहीं.

आणि जे शिक्षक माझें बोलणें ऐकत असतील त्यांना एका निवृत्त मास्तराचें सांगणें इतकेंच कीं, मुलांकडे तोंड करून बोला, वाहणाऱ्या कानाकडे दुर्लक्ष करूं नका, आणि जें मूल एका विषयांत चमकतें व दुसऱ्यांत अडतें त्याच्यावर हात उगारण्यापूर्वीं त्याच्या अडण्याचें कारण शोधा. माझा तो विद्यार्थी आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. आणि ध्वनिक्षेपकावरून बोललेलें त्याला ऐकूं येईल कीं नाहीं, हेंही ठाऊक नाहीं. म्हणून हें भाषण छापून यावें असें मला मुद्दाम वाटलें. छापलेलें तो वाचूं शकेल.